सारं गेलं का, मामा?

काळ्या पडद्यावर दोन ओळी. वर ‘एरर: नो सच पार्टिशन’. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी एक आडवी रेघ. बाकी सगळा अंधार.

बोरी अरबला माझ्या भाच्याचं छोटं दुकान आहे. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीकाठचं हे गाव. दुकानात झेरॉक्स निघते, पासपोर्ट साइज फोटो निघतात, सातबाऱ्याचे उतारे निघतात, पीकविम्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. हे सगळं एका जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या संगणकावर चालतं. त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज धंद्यासाठी, कारण प्रिंटर आणि कृतिदेव फॉन्टमधलं टायपिंग तिथे बसलेलं आहे. उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, त्याची स्वतःची. रात्री शटर अर्धं ओढलं की तो तिच्यात प्रोग्रॅमिंग शिकतो.

मी सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात तो धावत आला. “मामा, सारं गेलं का जी?”

झालं होतं असं. आदल्या रात्री विंडोजमध्ये जागा कमी पडली. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत त्याला शंभर जीबीचा एक तुकडा दिसला. त्याला ना नाव, ना डी-ई असं काही अक्षर. पडीक जागा असावी, असं समजून त्याने तो डिलीट केला. विंडोज हूं की चूं न करता चालू राहिलं. रात्र झाली म्हणून त्याने संगणक बंद केला. सकाळी सुरू केला तर हा काळा पडदा. उबुंटू नाही आणि विंडोजही नाही.

“त्या जागेत काही नवीन टाकलंस? फॉरमॅट केलं?”

“नाई जी. तसाच बंद केला.”

“मग काही गेलेलं नाही,” मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही, आणि पटण्यासारखं नव्हतंही. शंभर जीबी डोळ्यांदेखत उडाले होते. पण मला खात्री होती. का होती, ते सांगायचं तर संगणक सकाळी जागा कसा होतो, तिथून सुरुवात करावी लागते. आणि ती गोष्ट इतकी नवलाची आहे, की तीस वर्षं संगणक वापरणारी माणसंही ती ऐकून क्षणभर गप्प होतात.

बटण दाबलं त्या क्षणी प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर आहे, पण डिस्क वाचायची कशी, हे सांगणारा प्रोग्रॅमही डिस्कवरच आहे. पेटीची किल्ली पेटीत. इंग्रजीत ‘बूट’ हा शब्द याच पेचातून आला: आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलायचं. शरीराला हे अशक्य आहे. यंत्र ते रोज करतं.

कारखान्यातून निघतानाच प्रोसेसरला एक सवय लावलेली असते. जाग आली की एका ठरावीक पत्त्यावर जायचं आणि तिथे जे लिहिलं असेल ते करायचं. आपल्या घरातल्या प्रोसेसरांत तो पत्ता चार जीबीच्या हद्दीच्या बरोबर सोळा बाइट अलीकडे असतो. तिथे मदरबोर्डवरच्या एका चिपमधला प्रोग्रॅम सापडतो, त्याला आपण बायोस म्हणतो. बायोस कीबोर्ड, मेमरी, डिस्क तपासतो. त्याला विंडोज म्हणजे काय ते माहीत नाही, उबुंटू माहीत नाही, फाइल म्हणजे काय हेही माहीत नाही. त्याला येतं ते एवढंच: डिस्कचा पहिला सेक्टर उचलायचा, मेमरीत ३१,७४४ क्रमांकाच्या जागी ठेवायचा, त्याचे शेवटचे दोन बाइट तपासायचे. ते सोळा-आधारी भाषेत ५५ आणि एए असले पाहिजेत. बिटांत लिहिले तर ०१०१०१०१ १०१०१०१०, दारावरच्या तोरणासारखे. ते जुळले की बायोस सूत्रं त्या सेक्टरच्या हाती देतो आणि बाजूला होतो.

हा पहिला सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. केवढे असतात ५१२ बाइट? यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना वेगळा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. म्हणजे सगळी मिळून १७० चिन्हं. या लेखाचा एक धड परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. आणि सगळी जागा प्रोग्रॅमला मिळते असंही नाही. प्रोग्रॅमला ४४६ बाइट, तोरणाला २, आणि मधले ६४ बाइट एका तक्त्याला. मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी-डॉस २.० बरोबर हा तक्ता आला आणि एका हार्ड डिस्कचे अधिकृत तुकडे, म्हणजे पार्टिशन, पाडता येऊ लागले. एक डिस्क, दोन घरं, हा संसार सुरू झाला तो तिथून. तक्त्यात चार ओळी, प्रत्येक ओळ १६ बाइटची. त्यात तुकडा कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या जातीचा आहे, एवढंच. विंडोजच्या तुकड्याची खूण ०७, लिनक्सच्या तुकड्याची ८३.

सोळा बाइट! ‘बोरी अरब’ हे गावाचं नाव यूटीएफ-८ मध्ये लिहायला २२ बाइट लागतात. म्हणजे गावाचं नावसुद्धा मावणार नाही, एवढ्याशा ओळीत शंभर जीबीचं राज्य नोंदलेलं असतं. माझ्या भाच्याने डिलीट दाबलं तेव्हा पुसले गेले ते हे सोळा बाइट. शंभर जीबीतला एकही बिट हलला नव्हता.

मी त्याला त्याच्याच दुकानातलं उदाहरण दिलं. “सातबाऱ्यावरची नोंद उडाली म्हणून वावर उडून जातं का?” तो हसला, पण अर्धवट. “वावर असंन मामा, पर विंडोज काहून सुरू होऊन नाई राह्यलं? त्याले तं मी हात बी नाई लावला.”

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तरासाठी रेल्वेचं उदाहरण घेऊ.

मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फुटी नॅरोगेज ‘शकुंतला’ रेल्वे या भागातून, दारव्ह्यावरून धावायची. मूर्तिजापूरला ती मुंबई-नागपूर ब्रॉडगेजला भेटायची. आता ती बंद आहे, पण जुन्या माणसांना स्टेशनातला सांधेवाला आठवत असेल. त्याची स्वतःची गाडी नसते. तो दांडा ओढतो, सांधा बदलतो, आणि गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते. दोन ऑपरेटिंग सिस्टिमच्या संगणकात असा एक सांधेवाला बसवावा लागतो. त्याला बूटलोडर म्हणतात आणि उबुंटूसोबत येणाऱ्या बूटलोडरचं नाव ग्रब. एरिक बोलेन याने १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. सुरू होताना निळसर किंवा जांभळ्या पडद्यावर ‘उबुंटू की विंडोज?’ अशी यादी येते, ती त्याचीच.

आता गंमत बघा. एवढा मोठा ग्रब ४४६ बाइटमध्ये मावणार कसा? मावत नाहीच. म्हणून तो तीन ठिकाणी राहतो. त्याचा अगदी छोटा तुकडा पहिल्या सेक्टरात. त्याला एकच गोष्ट येते, दुसऱ्या तुकड्याला हाक मारणं. हा दुसरा तुकडा पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत असतो. ती पट्टी कुणाच्याच मालकीची नाही. दोन वावरांमधल्या धुऱ्यासारखी. जुन्या डिस्कांवर ती जेमतेम ३१ केबीची असायची. दुसरा तुकडा बराच हुशार असतो, त्याला फाइलींची भाषा समजते. पण यादी, तिचे रंग, विंडोजला कसं उठवायचं याच्या सूचना हा सगळा बाडबिस्तरा तिसऱ्या ठिकाणी असतो: उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. आणि ते पार्टिशन तर तक्त्यातून नाहीसं झालेलं.

म्हणजे सकाळी काय घडलं? बायोस उठला. त्याने पहिला सेक्टर उचलला. त्या सेक्टरातल्या छोट्या तुकड्याने धुऱ्यावरच्या तुकड्याला उठवलं. तो तुकडा आपलं सामान आणायला तिसऱ्या पार्टिशनकडे गेला, आणि तिथे दार नाही. बिचारा परत येऊन खरं तेच बोलला: असं पार्टिशन नाही. विंडोज धडधाकट होतं, पण त्याच्याकडे गाडी वळवायचा दांडा उबुंटूच्या घरात होता.

त्या काळ्या पडद्याला लोक उगाच घाबरतात, असं माझं मत आहे. ‘काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं गुळमुळीत सांगणाऱ्या आजच्या ॲपांपेक्षा तो शंभरपट प्रामाणिक आहे. ग्रबच्या आधी लिलो नावाचा सांधेवाला होता, तो तर याहून भारी. तो उठताना आपलंच नाव एकेक अक्षर करून पडद्यावर लिहायचा. पहिला टप्पा उठला की ‘एल’. दुसरा मेमरीत आला की ‘आय’. दुसरा चालू लागला की पुन्हा ‘एल’. सगळं नीट झालं की ‘ओ’. मध्येच ‘लि’वर अडकला तर दुरुस्ती करणाऱ्याला कळायचं, दुसरा टप्पा सापडला पण चालेना. आजारी माणसाने आपलं नाव जिथवर उच्चारलं, तिथवर तब्येत ठीक! जागा इतकी कमी की निरोपालाही जागा नाही. म्हणून नावच निरोप.

त्या पहिल्या सेक्टरवर ताबा कुणाचा, यावरून संगणकाच्या इतिहासात बरीच भांडणं झाली आहेत. उबुंटू असलेल्या जुन्या यंत्रात नंतर विंडोज टाकलं की विंडोज तो सेक्टर स्वतःच्या प्रोग्रॅमने भरून टाकायचं आणि उबुंटू यादीतून गायब व्हायची. दोन भावांच्या घरात एकाने पुढच्या दाराला आपलं कुलूप लावावं, तसं. तिथे व्हायरसांनाही राहायला आवडायचं, कारण ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्याआधीच सूत्रं हाती येत. १९९१ मध्ये सापडलेला मायकेलँजेलो व्हायरस पहिल्या सेक्टरात बसायचा, मूळ सेक्टर उचलून सातव्या क्रमांकाच्या सेक्टरात लपवायचा आणि ६ मार्चला डिस्कवर कचरा लिहायचा. त्याचा चुलतभाऊ स्टोन्ड हाही मूळ सेक्टर सातव्यातच लपवायचा. दोघं एकाच डिस्कवर आले की दुसरा पहिल्यालाच ‘मूळ’ समजून सातव्यात टाकायचा, खरा मूळ सेक्टर दबून जायचा आणि संगणक सुरूच व्हायचा नाही. चोरांचीही घरं दोन आणि दार एक! १९९० च्या दशकात पुण्यातल्या कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात असे व्हायरसने अडलेले संगणक येत. ते व्हायरस काढायला त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच क्विक हील उभं राहिलं. रहिमतपूरच्या कुटुंबातली ही मुलं. जगभर गेलेली एक मराठी कंपनी दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली, हे मला भाच्याला मुद्दाम सांगावंसं वाटलं.

असो. दुकानात गिऱ्हाईक यायच्या आत काम उरकायचं होतं.

अशा वेळी पहिला नियम काही न करण्याचा. ज्या डिस्कवरची नोंद उडाली, तिच्यावर एक अक्षरही नवीन लिहायचं नाही. नवीन पार्टिशन नाही, फॉरमॅट नाही, ‘पुन्हा इन्स्टॉल करून बघू’ तर मुळीच नाही. वावरात नांगर घातला की जुन्या धुऱ्याच्या खुणाही जातात.

नुसतं विंडोज परत हवं असतं, तर काम दहा मिनिटांचं होतं. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, ‘रिपेअर’ निवडून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि बूटरेक या आज्ञेला फिक्स-एमबीआर सांगायचं. ती ४४६ बाइटमध्ये विंडोजचा प्रोग्रॅम भरते, पार्टिशनच्या तक्त्याला धक्का लावत नाही. पण भाच्याला उबुंटूही हवी होती. सहा महिन्यांचा अभ्यास होता तिच्यात.

म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह केला. यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवरून मेमरीत उघडते. हार्ड डिस्कला स्पर्श होत नाही. संगणक चालू करून एफ-१२ दाबलं (काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ-९ किंवा एस्केप असतं), पेन ड्राइव्ह निवडला, ‘ट्राय उबुंटू’ म्हटलं. फोनच्या हॉटस्पॉटवरून टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम उतरवला. क्रिस्टोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने तो लिहिला आणि फुकट देऊन टाकला.

टेस्टडिस्क करतो काय? तक्ता खोटा आहे असं गृहीत धरून तो डिस्कवर चालत सुटतो, हद्दीचे दगड शोधत. उबुंटू वापरते त्या एक्स्ट-४ फाइल सिस्टिमच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइट आत सुपरब्लॉक नावाची नोंद असते, आणि तिच्यात एक ठरलेली खूण: ईएफ ५३. ती खूण दिसली की टेस्टडिस्क थबकतो आणि बाकीचं वाचतो. या सुपरब्लॉकातच ‘मी एवढ्या ब्लॉकांचा आहे’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे वावराचं क्षेत्रफळ तलाठ्याच्या दप्तरात तर असतंच, पण वावरातल्या दगडावरही कोरलेलं असतं. आणि दगडही एक नाही. पुढे ठरावीक अंतरांवर त्याच्या प्रती ठेवलेल्या असतात, पहिला फुटला तर दुसरा असावा म्हणून. हे ज्यांनी रचलं त्यांना माणूस केव्हातरी चुकीच्या जागी डिलीट दाबणार, हे पक्कं ठाऊक असावं.

हिरव्या अक्षरांत तीन ओळी आल्या. दोन विंडोजच्या. तिसरी: लिनक्स. भाचा खुर्चीच्या कडेवर आला. मी त्या ओळीवर उभं राहून ‘पी’ दाबलं, म्हणजे आतल्या फाइली दाखव. त्याच्या नावाचा फोल्डर, त्यात अभ्यासाच्या फाइली, सगळं जागच्या जागी.

“सापडलं न बाप्पा!”

मग ‘राइट’ निवडलं. डिस्कवर सोळा बाइट लिहिले गेले. पेन ड्राइव्ह काढला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. ग्रबची यादी आली, वर उबुंटू, खाली विंडोज, जणू रात्री काही झालंच नव्हतं.

इथे एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ग्रबला कसं कळलं की हेच ते पार्टिशन? बोरी नावाची गावं किती तरी आहेत. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात बोरी आहे, जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक आहे, गोव्यात फोंड्याजवळ बोरी आहे. नुसतं ‘बोरी’ लिहून पत्र टाकलं तर पोस्टमनने जायचं कुठे? म्हणून मागे अरब, बुद्रुक, तालुका, जिल्हा. पार्टिशनचंही असंच. ‘दुसऱ्या डिस्कचं तिसरं पार्टिशन’ हा पत्ता कच्चा, कारण एक पेन ड्राइव्ह लावला की डिस्कांचे क्रमांक उलटेपालटे होऊ शकतात. म्हणून फाइल सिस्टिम तयार होताना तिला १२८ बिटांचा एक क्रमांक मिळतो, यूयूआयडी. जगात दुसरी कुणाची तीच खूण निघण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तो सुपरब्लॉकातच कोरलेला असतो. उडालेली नोंद परत आली तेव्हा दगडावरचा क्रमांक जुनाच होता, म्हणून ग्रबनेही ओळखलं आणि लिनक्सनेही. भाच्याने घाबरून उबुंटू पुन्हा टाकली असती, तर क्रमांक नवा पडला असता आणि अभ्यासाच्या फाइलींवर नांगर फिरला असता, तो वेगळाच.

याच्या उलटही होतं. एखादी सिस्टिम काढून टाकली तरी ग्रबच्या यादीत तिचं नाव राहतं. दारव्ह्याहून पुसदला जाणारा शकुंतलेचा एक फाटा होता, त्याचे रूळ केव्हाच उखडले. वेळापत्रक छापणाऱ्याला ते कुणी कळवलं नाही तर गाडी छापील राहते. उबुंटूत ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली की यादी नव्याने लिहिली जाते. आणि उलट, विंडोज शाबूत असून यादीतच नसेल, तर त्याचं कारण बहुधा हे: ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा भाग मुळातच बंद ठेवलेला असतो, तो सेटिंगच्या फाइलीत चालू करावा लागतो. असे अनेक जण मला भेटले आहेत, ज्यांनी एवढ्यासाठी अख्खं विंडोज पुन्हा टाकलं.

भाच्याला आता नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, जुन्या यंत्रात विंडोज ११ बसत नाही. नव्या यंत्रांत पहिल्या सेक्टरचा हा खेळ राहिलेला नाही. बायोसच्या जागी यूईएफआय आलं. त्याला फाइली वाचता येतात. डिस्कवर एक छोटं सामायिक पार्टिशन असतं, त्यात मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर, उबुंटूचा एक. दोन भावांना दोन वेगळी दारं. तक्ताही मोठा झाला: १२८ नोंदी, प्रत्येक १२८ बाइटची, आणि सगळ्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. आता ‘बोरी अरब’ असं नावही पार्टिशनला आरामात देता येतं. कोणत्या दाराने आधी जायचं, तो क्रम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेला असतो. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर ‘अपडेटनंतर उबुंटू गेली’ अशी ओरड झाली, तर बहुतेक वेळा गेलेलं काही नसतं; क्रम बदललेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन उबुंटूला वर आणलं की झालं.

पण दारं वाढली तशी राखणदारही वाढले. सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी प्रत्येक बूटलोडरची सही तपासतो. यंत्रात बहुधा मायक्रोसॉफ्टची किल्ली असते, म्हणून लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला; तो आत जातो आणि मग ग्रबला आत घेतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, भोकं पडलेल्या बूटलोडरांची नावं काळ्या यादीत टाकली. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना ते लावायचं नाही असं ठरलेलं होतं, पण कित्येक यंत्रांतली दुसरी सिस्टिम अपडेटला ओळखूच आली नाही. जगभरच्या लोकांना सकाळी पडद्यावर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असं वाचायला मिळालं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटूत जाऊन ती यादी एका आज्ञेने पुसा, मग पहारा पुन्हा चालू करा, असा उतारा निघाला. या सगळ्यात घाईघाईने सेटिंग बदलण्याआधी, विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली जवळ आहे ना, हे बघावं. नसेल तर विंडोज आपल्याच मालकाला दारात उभं करतं.

आणखी एक रोजचा घोळ. विंडोज बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे ते आपली अर्धी शुद्ध डिस्कवर लिहून झोपतं. शटर ओढलंय, पण मालक आत गादीवर डुलकी घेतोय. मग उबुंटू त्या पार्टिशनमध्ये लिहायला गेली की तिला मज्जाव होतो, आणि तो योग्यच असतो. दोन सिस्टिमच्या संगणकात हे फास्ट स्टार्टअप पहिल्या दिवशी बंद करावं. तसंच चालू कामात लाइट गेली आणि उबुंटू ‘इनिट्रामएफएस’ असं काहीबाही म्हणत अडली, तर ती मेलेली नसते. एफएससीके (fsck) ही आज्ञा चालवून वहीखात्यांचा ताळमेळ लावून मागत असते. यूपीएसची बॅटरी बदलणं मात्र भाच्याने अजून मनावर घेतलेलं नाही.

दुपारी त्याने विंडोज उघडलं आणि पुन्हा हाक मारली. घड्याळ साडेपाच तास मागे! “हे तुमच्यानं झालं का जी?” नाही. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहिते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हाच फरक आठ तासांचा पडेल, लंडनला काहीच नाही. आपल्याकडे साडेपाच. म्हणजे दोन सिस्टिमचा संगणक आहे, हे भारतात नुसत्या चुकीच्या घड्याळावरूनही ओळखता येतं. उबुंटूला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं आणि ते मिटलं.

निघण्याआधी आम्ही पार्टिशनचा तक्ता पडद्यावर काढला. प्रत्येक तुकडा कुठल्या सेक्टरपासून सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे, त्याची खूण काय, हे त्याने गिऱ्हाइकांच्या उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर निळ्या पेनाने उतरवलं. लाइव्ह पेन ड्राइव्ह त्याच वहीत चिकटपट्टीने लावला. तुमच्याकडे दोन सिस्टिमचा संगणक असेल, तर हे आजच करून ठेवा. आणि तो काळा पडदा आला तर आधी त्यावरची ओळ नीट वाचा, मगच कीबोर्डला हात लावा.